दिवाळीची भेट दसऱ्याआधी ठरवा



आज दिवाळीच्या भेटींविषयी बोलायचं आहे. ही मालिका ऐकणारे, आणि आता पुस्तकरूपात वाचणारे, आपण बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतो. कुणी इंदूरला, कुणी बडोद्याला, कुणी हैदराबादला, कुणी बंगळूर किंवा दिल्लीत. दिवाळी जवळ आली की सगळ्यांपुढे एकच प्रश्न असतो. गावाकडच्या मंडळींना, शेजाऱ्यांना, घरी कामाला येणाऱ्या ताईंना काय द्यायचं? शेवटच्या आठवड्यात बहुतेकांचं उत्तरही एकच असतं. सुक्या मेव्याचा डबा, नाहीतर सोनपापडीचा खोका. तो खोका पुढे किती घरं फिरतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

हाताने केलेली, आपल्या भागातल्या कारागिराकडून घेतलेली किंवा घरी बनवलेली साधी भेट द्यावी, असं मनातून अनेकांना वाटतं. तरी ते होत नाही. पैसे कमी पडतात असं नाही, कारण सुक्या मेव्याचा डबा काही स्वस्त नसतो. कमी पडतो तो वेळ. आपण बाजारात जातो तेव्हा उशीर झालेला असतो.

फौजेत आम्हाला एक सवय लावली जाते. काम कोणत्या दिवशी पूर्ण झालं पाहिजे ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत आजपर्यंत यायचं. दिवाळीच्या भेटीलाही हीच रीत लावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. ती का लावायची, हे समजायला आधी हाताचं काम कसं होतं ते पाहू.

हाताच्या कामाला वेळ का लागतो

सगळ्यात साधी वस्तू घ्या, पणती. निवृत्तीनंतर मी महूला राहतो. आमच्या भागात एक कुंभार आहेत, त्यांच्याकडून मी दरवर्षी पणत्या घेतो. माती भिजवायची, खडे काढायचे, तुडवून एकजीव करायची, मग चाकावर पणती घडवायची. घडवायला मिनिटही लागत नाही. वेळ लागतो तो त्यानंतर. ओली पणती आधी सावलीत सुकवावी लागते, मग उन्हात. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि पणती तडकते. भट्टी लागली की ती थंड होईपर्यंत हात लावता येत नाही. परतीचा पाऊस लांबला की सुकवणीचे दिवस वाढतात. त्या वर्षी कुंभाराचा अर्धा माल सणाआधी तयारच होत नाही.

गिऱ्हाईक मात्र धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी येतं. तेव्हा रस्त्यावर साच्यातल्या, रंगवलेल्या, चमकी लावलेल्या पणत्यांचे ढीग असतात. त्या केव्हाही बनवून गोदामात ठेवता येतात. गिऱ्हाईक त्या घेतं आणि घरी जातं. आमच्या कुंभारकाकांचा मुलगा आता ऑटो चालवतो. त्याला चाक चालवता येतं, पण वर्षातल्या आठ दिवसांच्या विक्रीवर घर चालत नाही, असं तो म्हणतो. त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. आधी मागणी कळली असती तर त्याच घरातून दुप्पट माल निघाला असता, हे मात्र मी पाहिलं आहे. आम्ही कॉलनीतल्या काही घरांनी मिळून नवरात्राच्या आधी पणत्या सांगायला सुरुवात केली. निम्मे पैसे आधी, निम्मे माल घेताना. त्यांना माती आणि सरपण घ्यायला रोख मिळते, आम्हाला चांगल्या भाजलेल्या पणत्या मिळतात.

हातमागाचंही असंच आहे. मागावर चढवायचा ताणा एका साडीपुरता नसतो. एका ताण्यात अनेक साड्या निघतात. ताणा तयार करून तो मागावर बांधण्यातच काही दिवस जातात. त्यामुळे "मला हीच साडी पण हिरव्या काठाची, चार दिवसांत हवी" हे हातमागावर होत नाही. चार दिवसांत जे मिळतं ते बहुधा यंत्रमागाचं असतं आणि दुकानदार त्याला हातमाग म्हणतो. कारण तुम्हाला तेच ऐकायचं असतं.

तुम्ही राहता तिथलं द्या

दुसरा प्रश्न, घ्यायचं काय? माझं उत्तर असं: तुम्ही ज्या राज्यात राहता तिथली वस्तू द्या. पुण्याच्या बहिणीला पुण्यात मिळतं तेच पाठवून काय उपयोग? तिचा भाऊ जिथे राहतो तिथलं काही तिच्या घरी गेलं तर तिला त्याचं अप्रूप असतं.

इंदूर, उज्जैन, महू या भागातल्या मराठी माणसांना महेश्वर जवळ आहे. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तिथे विणकर आणून वसवले आणि महेश्वरी साडीची परंपरा उभी राहिली. विसाव्या शतकात हे काम मंदावलं होतं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्याच्या पुढाकाराने रेहवा सोसायटी स्थापन झाली आणि माग पुन्हा चालू लागले. महेश्वरीची एक खूण म्हणजे तिचा काठ बहुधा दोन्ही बाजूंनी वापरता येतो. साडी बजेटबाहेर असेल तर त्याच मागावरचा स्टोल किंवा ओढणी द्या. धार जिल्ह्यातल्या बाग गावचं ठशांचं छपाईकाम हाही चांगला पर्याय आहे. लाल आणि काळा हे त्याचे मुख्य रंग.

बंगळूरकरांसाठी म्हैसूर रस्त्यावर साधारण ६० किलोमीटरवर चन्नपट्टण आहे. तिथली लाकडी खेळणी बहुतेकांनी पाहिली असतील, पण ती रंगवतात कशी हे पाहण्यासारखं आहे. लाकूड असतं आपल्याकडे ज्याला काळा कुडा म्हणतात त्या झाडाचं, हलकं आणि गुळगुळीत. तुकडा लेथवर फिरत असतो आणि कारागीर रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतो. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते. मग केवड्याच्या जातीच्या पानाने घासून चकाकी आणतात. ब्रश नाही की रंगाचा डबा नाही. घरात लहान मूल असेल तर भोवरा, खुळखुळा, चढती कडी यांपैकी काहीही द्या. मात्र सुटे बारीक तुकडे नाहीत ना, ते आधी बघून घ्या.

हैदराबाद, गुलबर्गा, तसंच लातूर-उदगीर भागातल्या लोकांना बिदर जवळ पडतं. बिदरीचं काम मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा थक्क झालो होतो. जस्त आणि थोडं तांबं यांचा मिश्रधातू वाळूच्या साच्यात ओततात. वस्तू घासून मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात, म्हणजे नक्षी कोरताना रेघ दिसते. कोरलेल्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि सगळं पुन्हा घासतात. या टप्प्याला वस्तू फिकट राखाडी असते, चांदी त्यात उठूनही दिसत नाही. मग बिदरच्या जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते गरम वस्तूवर चोळतात. धातू कायमचा गर्द काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. एवढ्या पायऱ्या असलेली वस्तू स्वस्त असूच शकत नाही. पण लहान डबी किंवा लॉकेट अनेकांच्या आवाक्यात येतं. देताना सांगा की काळेपणा फिका वाटला तर खोबरेल तेलाचं बोट फिरवावं.

तमिळनाडूतल्यांना तंजावर सांगायलाच हवं. भोसल्यांच्या घराण्याने तिथे सुमारे पावणेदोनशे वर्षं राज्य केलं आणि तंजावरची सोन्याच्या वर्खाची चित्रकला त्यांच्या आश्रयाने फुलली. चित्र महाग असतं. पण तंजावरची गोल, जड बुडाची राजाराणीची बाहुली साधी आणि मजेची असते. कितीही पाडली तरी उभी राहते. मुलांना ती उभी का राहते हे विचारा, एक विज्ञानाचा धडा फुकट होतो.

दिल्लीकरांना तर निवडीचीच अडचण. बाबा खडक सिंग मार्गावर अनेक राज्यांची एम्पोरियम ओळीने आहेत, आणि १९९४ साली सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये वेगवेगळ्या राज्यांचे कारागीर आलटून पालटून येतात. तिथे विकणारा कारागीर आहे की व्यापारी, हे दोन प्रश्न विचारले की कळतं.

कोकणाशी नातं असलेल्यांनी सावंतवाडी विसरू नये. चितारआळीत लाकडी फळं, भाज्या, बैलगाड्या मिळतात. तिथलाच गंजिफा हा गोल पत्त्यांचा हाताने रंगवलेला खेळ. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. ही कला संपायच्या बेतात होती. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या चितारींकडून ती शिकून घेण्याची आणि शिकवण्याची व्यवस्था केली म्हणून ती टिकली. पूर्ण संच महाग पडतो, पण हाताने रंगवलेली एखादी लहान वस्तू किंवा भेटकार्ड नक्की परवडतं.

ईशान्येत पोस्टिंगवर असलेल्यांसाठीही एक सांगतो. मणिपूरच्या उखरूल जिल्ह्यात लोंगपीची काळी भांडी होतात. दगडाची पूड आणि माती एकत्र मळून ती चाकाशिवाय, हाताने घडवतात. त्यात स्वयंपाक करता येतो. माझ्या घरी असं एक भांडं बरीच वर्षं आहे आणि आमटी त्यातच होते.

खरं कसं ओळखायचं

लेबलांबद्दल फार गोंधळ आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन. याचा कायदा १९९९ चा, तो लागू झाला २००३ मध्ये. देशातलं पहिलं मानांकन दार्जिलिंगच्या चहाला मिळालं. जीआय वस्तूचं नातं कोणत्या भागाशी आहे ते सांगतं. ती हातानेच केली आहे, असं ते प्रत्येक वेळी सांगत नाही. सोलापुरी चादरीला जीआय आहे, पण ती आज बहुतांशी यंत्रमागावर होते. चादर उत्तम असते, जरूर घ्या, फक्त ती हातमागाची म्हणून घेऊ नका.

हँडलूम मार्क २००६ पासून आहे. तो कापड हातमागाचं असल्याचं सांगतो. सिल्क मार्क २००४ पासून आहे. तो रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो, मागाबद्दल काही सांगत नाही. म्हणजे सिल्क मार्क असलेली साडी यंत्रमागाची असू शकते. तीन लेबलं, तीन वेगळे प्रश्न.

लेबल नसेल तर डोळे वापरा. हाताने विणलेल्या पैठणीचा पदर उलटून पाहा. मागची नक्षी पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेत मागे सुटे किंवा कापलेले धागे असतात. ठशांच्या छपाईत दोन ठसे जिथे मिळतात तिथे केसभर फरक असतो. सगळीकडे तंतोतंत सारखं असेल तर शंका घ्या. लाकडी खेळण्यावर ओला पांढरा रुमाल घासा, रंग उतरता कामा नये.

सगळ्यात सोपी परीक्षा संभाषणाची. "हे कसं करता?" असं विचारा. करणारा माणूस हातवारे करून सांगायला लागतो. विकणारा किंमत सांगतो.

भाव करताना

घासाघीस करू नका, असं मी सरसकट म्हणणार नाही. व्यापाऱ्याकडे जरूर करा. कारागिराकडे करण्याआधी एक हिशेब करा. समजा वस्तूची किंमत ६०० रुपये आहे. विचारा, सामान कितीचं आणि किती दिवस लागले. सामान १५० चं आणि काम दोन दिवसांचं असेल तर त्याला दिवसाला २२५ रुपये पडले. घराला रंग द्यायला आलेल्या माणसाला आपण दिवसाला किती देतो? हा हिशेब केला की घासाघीस करायची इच्छा आपोआप कमी होते. कधी उलटही होतं. एका दिवसाच्या कामाची किंमत पाच दिवसांची सांगितली आहे, हेही कळतं.

सूट हवीच असेल तर संख्येवर मागा. दहा घरांनी मिळून एकत्र सांगितलं तर कारागिरालाही दर कमी करणं परवडतं, कारण सामान एकदम येतं.

घरी करण्यासारख्या तीन गोष्टी

पहिली, चांदणीचा आकाशकंदील. बांबूच्या सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्या. पाच कामट्या एकमेकींवर आडव्या ठेवून टोकं दोऱ्याने बांधली की एक चांदणी होते. अशा दोन करा. दोन्ही चांदण्यांची पाच टोकं एकमेकांना बांधा. मग आतल्या बाजूला, कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच ठिकाणी, दोन चांदण्यांच्या मध्ये बोटभर लांबीच्या पाच काड्या अडकवा. सांगाडा फुगून उभा राहतो. वर पतंगाचा कागद खळीने चिकटवा आणि आत छोटा एलईडी दिवा सोडा. लांब पाठवायचा असेल तर कागद न लावता पाठवा. आडव्या काड्या काढल्या की सांगाडा सपाट होतो. कागद, काड्या आणि कसं करायचं याची चिठ्ठी सोबत ठेवा. तिकडची मुलं तो स्वतः पूर्ण करतील.

दुसरी, उटणं. मुलतानी माती किंवा मसुरीच्या डाळीचं पीठ, चंदन पावडर, आंबेहळद, नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या. सगळं पूर्ण कोरडं असू द्या, बारीक करून वस्त्रगाळ करा, कागदी पुड्या बांधा. पुडीवर घटकांची नावं लिहाच. एखाद्याच्या त्वचेला एखादी गोष्ट चालत नाही.

तिसरी, दुपटं. घरात नवीन बाळ आलं असेल तर याहून चांगली भेट मला माहीत नाही. आजीच्या किंवा आईच्या धुऊन मऊ झालेल्या सुती साडीच्या दोन-तीन घड्या, वर धावदोरा. रोज अर्धा तास बसलं तर लहान दुपटं दोन-तीन आठवड्यांत होतं. माझ्या नातवासाठी माझ्या पत्नीने केलं, कडेचे टाके मी घातले. फौजेत बटणं लावून लावून सुईची सवय असतेच.

जवानाला पार्सल

हा विषय मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. तुमच्या घरातला किंवा ओळखीतला कुणी सीमेवर असेल तर ऐका.

पत्त्यावर त्याचा सैनिकी क्रमांक, हुद्दा, नाव, युनिट आणि मग ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ, त्याने कळवलं असेल तसं, आणि ९ ने सुरू होणारा पिनकोड. तो कोणत्या गावाजवळ आहे ते पत्त्यात लिहू नका. पुढचा प्रवास लष्करी टपाल करतं. पुढच्या चौकीपर्यंत पार्सल कधी ट्रकने, कधी हेलिकॉप्टरने, कधी पाठीवरून जातं. बर्फ पडला की थांबतं. म्हणून दिवाळीच्या किमान महिनाभर आधी पाठवा. फटाके, काडेपेटी, अत्तराची बाटली यातलं काही घालू नका. ज्वालाग्राही वस्तू टपालात चालत नाहीत.

काय पाठवायचं? चकली वाटेत मोडते, ओल्या नारळाचं खराब होतं. शंकरपाळी आणि बेसनाचे लाडू टिकतात. आणि एकट्यापुरतं पाठवू नका. सेक्शनमध्ये साधारण दहा जवान असतात आणि डबा सगळ्यांत उघडला जातो. लहान भेट पाठवायची असेल तर दहा पाठवा. मुलांनी रंगवलेली दहा कार्डं, हाताने विणलेल्या दहा कानटोप्या. कंपनी कमांडर असताना मी पाहिलं आहे, ज्याचं पार्सल आलेलं नसतं तो त्या वेळी काहीतरी काम काढून बाहेर जातो. दहा कार्डांतलं एक त्याच्यासाठी असतं.

उलटं मोजूया

आता वेळापत्रक. लक्ष्मीपूजन हा आपला शेवटचा दिवस धरू. दसरा त्याच्या साधारण २० दिवस आधी असतो, घटस्थापना महिनाभर आधी, अनंत चतुर्दशी सुमारे दीड महिना आधी.

अनंत चतुर्दशीनंतर लगेच यादी करा: कुणाला, काय, कितीपर्यंत. हातमागाचं काही सांगायचं असेल तर त्याच आठवड्यात सांगा, आणि दुपटं शिवायला घ्या. घटस्थापनेच्या आत पणत्यांची मागणी नोंदवा, निम्मे पैसे द्या, आणि जवानाचं पार्सल रवाना करा. दसऱ्यापर्यंत खेळणी, बिदरी, बाहुली अशा तयार वस्तू घेऊन टाका. मातीची किंवा लाकडाची वस्तू टपालाने जाणार असेल तर जुन्या वर्तमानपत्राचे बोळे चारही बाजूंनी ठासा. खोका हलवून पाहा, आतून आवाज आला तर पुन्हा भरा. दसऱ्यानंतरचा आठवडा कंदील आणि उटण्याचा. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात फक्त जवळपासच्या भेटी पोचवायच्या राहिल्या पाहिजेत.

प्रत्येक भेटीसोबत चार ओळींची चिठ्ठी ठेवा. वस्तू कुठली, कुणी केली, कशी केली, कशी सांभाळायची. कारागिराची परवानगी असेल तर त्याचं नाव आणि फोन नंबरही लिहा. मी तसं करतो. मागच्या वर्षी आमच्या कुंभारकाकांना नागपूरहून फोन गेला. पन्नास पणत्यांसाठी. दिवाळीला अजून दोन महिने होते.

आज इतकंच. यादीला आज रात्रीच बसा.